मदत हवी आहे: ३८ दिवसांचे झेब्रा फिंचचे पिल्लू अजून बापाकडूनच खाते, त्याला वेगळे करावे का?

नमस्कार. माझ्याकडच्या झेब्रा फिंचच्या जोडीला चार पिल्ले आहेत. थोरली तीन आज ४० दिवसांची असून ती गेल्या आठवड्यापासून स्वतः दाणे सोलून खातात. सर्वांत धाकटे ३८ दिवसांचे आहे, पण नर दिसला की ते अजूनही मान खाली वाकवून, चोच वर वळवून ओरडत त्याच्यामागे फिरते. एरवी मी आणखी आठवडाभर निर्धास्तपणे थांबलो असतो, कारण सहा आठवड्यांच्या आत पिल्ले वेगळी करू नयेत, असेच माझे मत झाले आहे. परंतु मादीने पुन्हा अंडी घातली आहेत, आणि नर परवापासून चारही पिल्लांना घरट्यापासून हुसकावत त्यांच्या शेपटीची पिसे उपटू लागला आहे. तरीही दिवसातून तीन-चार वेळा तो धाकट्याला भरवतो.

घाई करण्याची मला भीती वाटते, त्याचे कारण मागच्या वेळचा अनुभव आहे. त्या वेळी पिल्ले दाणे टिपताना दिसली म्हणून मी ती तिसाव्या दिवशीच वेगळ्या पिंजऱ्यात ठेवली. त्यांतले एक दिवसभर भांड्यापाशीच बसून असे, त्यामुळे मला शंका आली नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी ते तळाशी मरून पडलेले आढळले. हातात घेतल्यावर छातीचे हाड धारदार लागले आणि गळ्याजवळची अन्नाची पिशवी पूर्ण रिकामी होती. ते पिल्लू दाणा चोचीत घोळवून टाकून देत होते, त्याला तो सोलता येतच नव्हता. ही गोष्ट अजून माझ्या मनातून जात नाही.

म्हणून आता दिवा मालवण्यापूर्वी मी धाकट्याला हळूच हातात घेऊन मानेच्या बाजूच्या पिसांवर फुंकर घालतो. पातळ कातडीखालून पिशवीतले दाणे स्पष्ट दिसतात. काल ती जेमतेम अर्धी भरलेली होती, आणि त्यातले किती त्याने स्वतः खाल्ले व किती बापाने भरवले, हे काही कळत नाही. मोड आलेले दाणे, उकडलेल्या अंड्याचा चुरा आणि राळ्याचे कणीस मी रोज ठेवतो. मऊ दाणे ते खाते, कोरडे मात्र बहुतेक टाकून देते.

जाणकारांना माझा मुख्य प्रश्न असा आहे, की पिंजऱ्यात मध्ये जाळी लावून पिल्ले एका बाजूला ठेवली, तर नर जाळीतून धाकट्याला भरवत राहील का? की घरटे आणि अंडी काढून टाकल्यास नराचा त्रास थांबतो, आणि सर्वांना आणखी आठवडाभर एकत्र ठेवणेच अधिक सुरक्षित ठरेल? ज्यांनी यांपैकी काही स्वतः करून पाहिले आहे, त्यांनी पिल्लू कोरडे दाणे सोलून पोटभर खात असल्याची खात्री कशी केली, तेही कृपया सविस्तर लिहावे. पिसे उपटलेल्या जागी अजून रक्त आलेले नाही, पण निर्णय एक-दोन दिवसांत घ्यावा लागेल, असे वाटते.