पार्किंगमधला पेट्रोलचा वास आणि नानांची फियाट

सोसायटी ग्रुप, गोडोली, सातारा. रविवार सकाळ.

सेक्रेटरी: पार्किंगमध्ये पहाटेपासून पेट्रोलचा वास येतोय. ज्यांची गाडी गळत असेल त्यांनी लगेच बघावं. मीटरची खोली तिथंच आहे.

वहिनी (ए-१०३): जिन्यातपण येतोय. मला वाटलं कुणी रंगकाम काढलं.

नाना (बी-२०४): माझी फियाट असेल. पण खाली फरशीवर थेंब नाही, टॉर्च मारून पाहिलं. एक नवल मात्र सांगतो. दिवाळीआधी ऑइल बदललं तेव्हा डिपस्टिकवर, म्हणजे ऑइल मोजायच्या पट्टीवर, बरोबर वरच्या खुणेला होतं. आज खुणेच्या वर बोटभर आहे. १९८४ ची गाडी, ऑइल पीत नाही, उलट वाढतंय!

सी-३०१: अभिनंदन नाना, तेलाची विहीर लागली. यंदाचा मेंटेनन्स तुमच्याकडून.

अण्णा (ए-००२): हसण्यावारी न्यू नका. नाना, गाडी चालू करू नका, किल्ली घरात ठेवा. एसटीच्या वर्कशॉपात जन्म गेला माझा, ऑइल कमी झालेलं रोज बघितलं. वाढलं म्हंजी त्यात दुसरं काहीतरी पडलंय. पाणी न्हाईतर पेट्रोल. डिपस्टिक काढा आन् वास घ्या.

नाना: घेतला. पेट्रोलच. बोटावर धरलं तर चिकटपणापण नाही, पाण्यासारखं ओघळतंय. टोपणाच्या आतून बघितलं, दुधाळ फेस वगैरे काही नाही.

अण्णा: मग पाणी न्हाई.

सी-३०१: अण्णा, एका व्हिडिओत डिपस्टिकला काडी लावून बघतात. पेटलं की पेट्रोल.

अण्णा: काडी घरातच ऱ्हाऊ दे बाबा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, खाली बसून ऱ्हाते. खात्रीच करायची तर टिपकागद घ्या. एक थेंब डिपस्टिकचा, शेजारी एक थेंब डब्यात उरलेल्या नव्या ऑइलचा. पेट्रोल मिसळलं असंल तर थेंब जास्त पसरंल. तासाभरानं बघा.

सेक्रेटरी: तोवर पार्किंगचं मागचं शटर उघडं ठेवतोय. कुणी बंद करू नये. विडी-सिगारेट पार गेटाबाहेर.

नाना: अण्णा, तास झाला. नव्याचा थेंब रुपयाएवढा आहे. माझा दुप्पट पसरला, कडेनं फिकट कडं. ओळखीच्या गॅरेजवाल्याला फोन केला तर तो म्हणतो पिस्टनच्या रिंगा गेल्या, इंजिन उतरवून बोअर करावं लागेल, म्हणजे सिलिंडर आतून कातून घ्यावे लागतील. आकडा ऐकून बसलोच.

बी-४०२: विकून टाका नाना. नाहीतर व्हिंटेज म्हणून नोंदवा.

नाना: व्हिंटेजला ५० वर्षं पूर्ण व्हावी लागतात. अजून दम आहे.

अण्णा: गाडी न बघता बोअर? नाना, आधी सांगा, हल्ली गाडी कशी चालवता? आन् प्लग कधी काढले होते?

नाना: दर रविवारी चोक ओढून, म्हणजे पेट्रोलचं प्रमाण वाढवून, दहा मिनिटं इथंच चालू ठेवतो, बॅटरीसाठी. गेल्या रविवारी मात्र कासला जाऊन आलो. आल्यावर प्लग काढून पुसले, चारही बिस्किटाच्या रंगाचे. हो, यवतेश्वरचा घाट चढून वर थांबलो तेव्हा ऑइलचा लाल दिवा मिणमिणत होता. जरा रेस केलं की विझायचा. मला वाटलं वायर सैल.

अण्णा: वायर न्हाई, नाना. २०डब्ल्यू-५० सारख्या घट्ट ऑइलची पातळ आमटी झाली, प्रेशर कुठनं यायचं? घाटात बेअरिंग वाचली हे नशीब.
आता ऐका. पेट्रोल खाली उतरायच्या वाटा मोजक्या. एक, चोकवर उभी चालवणं. इंजिन तापत न्हाई, कच्चं पेट्रोल सिलिंडरच्या भिंती धूत खाली जातं. ती सवय सोडाच, पण त्यानं इतक्या लवकर बोटभर चढत न्हाई. दोन, कार्बोरेटरमधी पेट्रोल अडवणारी निडल अडकून त्याची वाटी भरून वाहणं. तसं असतं तर घाटात काळा धूर निघाला असता आन् प्लग काजळले असते. तुमचे बिस्किटी. एखादा प्लग ठिणगीच देत नसता तर एक तरी ओला सापडला असता. रिंगा एवढ्या गेल्या असत्या तर निळा धूर काढत, ऑइल पीत गेली असती, आन् घाट चढलीच नसती.
ऱ्हायला पेट्रोल पंप. तुमचा मेकॅनिकल, इंजिनच्या अंगाला बोल्ट केलेला, कॅमशाफ्ट त्याचा दांडा हलवते. मधे रबरी पडदा. वर पेट्रोल, खाली इंजिनचं पोट. पडदा फाटला की थेट आत. बाहेर थेंब कसा दिसणार?

वहिनी: एवढं तर मलाही समजलं.

नाना: पडदा दोन वर्षांपूर्वीच बदललाय पण.

अण्णा: कुणी कापून बसवला असंल. जुन्या जातीचं रबर आताच्या इथेनॉलच्या पेट्रोलला टिकत न्हाई, फुगतं न्हाईतर कडक होतं. संध्याकाळी खाली येतो. बॅटरीची वायर आधी काढून ठेवा.

रविवार रात्र.

नाना: पंप काढला. अण्णांनी त्याची नळी रॉकेलच्या वाटीत बुडवली, बाहेरच्या तोंडाला बोट लावलं आणि दांडा हातानं हलवला. चार-पाच झटक्यांत दांड्याच्या बाजूनं रॉकेल ठिबकायला लागलं. उघडून बघितलं तर पडद्याला कडेशी नखाएवढी चीर.

सी-३०१: अण्णांचा सत्कार करा.

अण्णा: सत्कार नको, कंदी पेढे चालतील. नाना, इथेनॉलला चालणारा पडदा मागून घ्या. पुण्याला नाना पेठेत मिळंल.

बी-४०२: नाना पेठेत नाना!

अण्णा: ऑइल थंडच सोडा, तापवायला म्हणून चालू करू नका. इंजिनाखालचा ऑइल सोडायचा नट रात्रभर उघडा ठेवा. फिल्टरपण नवा.

पुढच्या रविवारी.

नाना: नवा पडदा, नवं ऑइल. लिंब गोव्यापर्यंत जाऊन आलो. थंड झाल्यावर डिपस्टिक बघितली, खुणेला बरोबर. वास ऑइलचाच. दिवा मिणमिणला नाही. शंभरेक किलोमीटर झाले की पुन्हा बघणार.

सेक्रेटरी: छान. पण जिन्याखाली काळ्या ऑइलचा कॅन आहे तो कुणाचा?

नाना: माझाच. गॅरेजच्या पिंपात टाकायचाय, उद्या नेतो.

वहिनी: उद्या नको नाना, आज. त्यात पेट्रोल आहे.