सहाही त्वरणमापक एकदम बाद कसे झाले?

प्रश्न
७ ऑगस्ट २०२२ रोजी इस्रोच्या एसएसएलव्ही या नव्या प्रक्षेपकाचे श्रीहरिकोट्याहून पहिले उड्डाण झाले. घन इंधनाचे तिन्ही टप्पे व्यवस्थित जळाले, तरीही दोन्ही उपग्रह हातचे गेले. त्यांत ७५ शाळांमधील ७५० मुलींच्या सहभागातून साकारलेला आझादीसॅटही होता, याची हळहळ अजून वाटते. कारण सेन्सरचे सांगण्यात आले. पण एक बिघडला तर दुसऱ्याने सांभाळून घ्यावे म्हणूनच यानावर सहा त्वरणमापक (वेगातील बदल मोजणारे सेन्सर) होते ना? मग मोहीम फसली कशी? जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

प्रतिसाद १
मुळात त्यांतला एकही त्वरणमापक बिघडलेला नव्हता. दुसरा टप्पा सुटा होताना बसलेल्या हादऱ्याने, ज्या तळावर ही उपकरणे बसवली होती तो तळच क्षणभर इतका थरथरला की सहाही त्वरणमापकांची मोजण्याची कमाल मर्यादा ओलांडली गेली. थरथर थांबेपर्यंत वाट पाहून त्यांना पुन्हा तपासावे, एवढी सवड दोष ओळखणाऱ्या संगणकप्रणालीत ठेवलेली नव्हती. तिने सहाही बाद ठरवले आणि यान आपत्कालीन पद्धतीने पुढे गेले. अखेरीस वेग सेकंदाला ५६ मीटरने कमी पडला. कक्षेत राहण्यासाठी सेकंदाला साडेसात किलोमीटरहून अधिक वेग लागतो, म्हणजे तूट एक टक्काही नव्हती. तेवढ्यानेच ३५६ किलोमीटर उंचीच्या वर्तुळाकार कक्षेऐवजी कक्षेचे एक टोक सुमारे ७६ किलोमीटरवर उतरले, आणि तिथल्या हवेच्या घर्षणात कोणताही उपग्रह तग धरत नाही.

प्रतिसाद २
४ जून १९९६ रोजी फ्रेंच गयानातील कुरू येथून झेपावलेल्या युरोपच्या एरियान ५ चेही असेच झाले. तिच्यावर दिशादर्शनाचे दोन संच होते, पण दोन्हींत आधीच्या एरियान ४ रॉकेटसाठी लिहिलेली एकच संगणकप्रणाली होती. नव्या रॉकेटचा आडवा वेग लवकर वाढला, त्याचा आकडा १६ बिटांच्या जागेत मावला नाही आणि दोन्ही संच पाठोपाठ बंद पडले. शेवटच्या क्षणी संचाने पाठवलेला बिघाडाचा संकेत मुख्य संगणकाने उड्डाणाची खरी माहिती समजून इंजिनांची नळकांडी वळवली, आणि सुमारे ३७ सेकंदांतच यानाची शकले झाली. ज्या हिशेबात हे घडले, त्याची उड्डाणानंतर गरजच नव्हती, हे वाचताना आजही वाईट वाटते. जोड्या कितीही लावल्या तरी दोघांचा दोष एकच असेल, तर त्या जोडीचा उपयोग नाही.

प्रतिसाद ३
वरील दोन्ही उत्तरे पटली, तरी पहिल्या उड्डाणातील प्रत्येक अपयश या साच्यात बसत नाही. १० ऑगस्ट १९७९ रोजी एसएलव्ही-३ या भारताच्या पहिल्या उपग्रह-प्रक्षेपकाच्या दुसऱ्या टप्प्याच्या नियंत्रणप्रणालीतील एक झडप कचरा अडकल्याने उघडीच राहिली, इंधन जाळायला लागणारे नायट्रिक आम्ल गळून गेले आणि ३१७ सेकंदांनी यान समुद्रात कोसळले. तिथे साधी गळती नडली.

एसएसएलव्हीपुरते सांगायचे तर टप्पा सुटा करण्याची यंत्रणा बदलली आणि सेन्सर बाद ठरवण्याचे निकषही सुधारले. १० फेब्रुवारी २०२३ रोजी दुसऱ्या उड्डाणाने आझादीसॅट-२ ४५० किलोमीटरच्या कक्षेत पोहोचवला.