डिकीतला डबा आणि दारातले पाहुणे

बेळगाव जिल्ह्यातील मराठी घरांची सोयरीक राज्याच्या हद्दीला जुमानत नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी नकाशावर रेघ पडली, तरी इकडच्या मुली कोल्हापूर, गडहिंग्लज, चंदगड, सावंतवाडीला दिल्या गेल्या आणि तिकडच्या मुली सुना होऊन इकडे आल्या. त्यामुळे सुट्टीच्या दिवशी आपली गाडी एक तर कोणाकडे तरी निघालेली असते, नाही तर कोणाची तरी गाडी आपल्या दारात उभी असते. या जाण्यायेण्याचे कौतुक पुष्कळ होते. परंतु डबा कोण भरतो, गाडी कोण चालवतो, पाहुण्यांना वाढता वाढता घरातले कोण उपाशी राहते आणि या सगळ्याविषयी नवरा-बायकोने आपसांत काय ठरवलेले असते, हे सहसा कोणी लिहीत नाही. तेच मोकळेपणाने लिहावे, अशी माझी सर्वांना विनंती आहे. सुरुवात मी माझ्यापासून करते; त्यापुढे इतर घरांनी आपापल्या गावाहून लिहिलेले अनुभव आहेत.

टिळकवाडी, बेळगाव

माझे माहेर कोल्हापूरचे. १९९६ साली आम्ही एक जुनी मारुती ८०० घेतली आणि दर महिन्याला माहेरी जाऊ लागलो. यजमानांना बाहेरचे खाणे मुळीच चालत नसे, त्यामुळे शंभर-सव्वाशे किलोमीटरच्या प्रवासासाठीही डबा हवाच असे. पहाटे साडेचारला उठून पोळ्या, बटाट्याची भाजी, शेंगांची चटणी, मुलांसाठी तूप-साखरेच्या गुंडाळ्या आणि थर्मासमध्ये चहा एवढे उरकेपर्यंत सात वाजत. तोवर हे गाडी पुसून, हवा भरून, हॉर्न वाजवत दारात उभे राहत. त्या हॉर्नचा मला मनापासून राग येई, पण बारा वर्षे मी तो बोलून दाखवला नाही.

एकदा वंटमुरी घाट ओलांडल्यावर माझ्या डोळ्यांसमोर अंधारी आली. सकाळपासून माझ्या पोटात चहाचा घोटही गेलेला नव्हता. यांनी गाडी कडेला घेतली, डबा उघडला आणि पहिला घास मला भरवला. त्या दिवशी रस्त्याच्या कडेला झाडाखाली बसून आम्ही बोललो, ते फार आधी बोलायला हवे होते. तेव्हापासून आमच्या घरी प्रवासाचा डबा म्हणजे कडक भाकरी. ज्वारीची भाकरी पातळ थापून, भाजून, पुन्हा मंद आचेवर कुरकुरीत होईपर्यंत वाळवली की ती पंधरा दिवस सहज टिकते. आठवडाभर आधी करून ठेवता येत असल्यामुळे पहाटेची घाई उरत नाही. सोबत शेंगांची चटणी, गुरेळ्याची म्हणजे कारळ्याची चटणी, कांदा आणि घट्ट दही. दही आदल्या रात्री हे लावतात, कांदा हेच चिरतात आणि मी सावकाश नाश्ता करून गाडीत बसते. हॉर्न आता वाजत नाही.

खानापूर

माझ्या पत्नीचे माहेर गोव्यात वाळपईला आहे. आमचा रस्ता जांबोटी, कणकुंबी आणि चोर्ला घाटावरून जातो. मलप्रभेचा उगम असलेली ही कणकुंबी पावसाळ्यात इतकी दाट धुक्यात असते, की पुढच्या गाडीचे लाल दिवे एवढाच काय तो आधार उरतो. लग्नानंतरची नऊ वर्षे हा प्रवास तिने डोळे मिटून, तोंडात आवळासुपारी धरून आणि हातात पिशवी घेऊन केला. घाटाची पहिली वळणे सुरू झाली की तिला मळमळू लागे आणि आईच्या दारात उतरताना ती इतकी गळून गेलेली असे, की सासूबाईंनी केलेले सुंगटांचे हुमण, म्हणजे कोळंबीची आमटी, तिला संध्याकाळपर्यंत चालत नसे. गोळ्या घेतल्या तर झोप येई. मी गाडी हळू चालवून पाहिली, काचा उघड्या ठेवून पाहिल्या, तिला पुढच्या सीटवर बसवून पाहिले. पण फारसा फरक पडला नाही.

पुढे मुलीच्या शाळेसाठी म्हणून ती गाडी चालवायला शिकली. एका दिवाळीत माझ्या पायाला दुखापत झाली होती आणि भाऊबीज तर चुकवायची नव्हती, म्हणून घाटात तीच स्टिअरिंगवर बसली. मी शेजारी जीव मुठीत धरून बसलो होतो. चोर्ला उतरून सपाटीला लागल्यावर तिने गाडी थांबवली आणि म्हणाली, "अहो, मला आज काहीच झालं नाही." त्यामागचे कारण मला नंतर समजले. गाडी चालवणाऱ्याची नजर रस्त्यावर खिळलेली असते आणि वळण कोणत्या क्षणी घ्यायचे हे त्याच्या हातांना आधीच ठाऊक असते. त्यामुळे डोळ्यांनी दिसणारे आणि कानाच्या आतील तोल सांभाळणाऱ्या इंद्रियाला जाणवणारे यांत विसंगती उरत नाही. शेजारी बसणाऱ्याला मात्र प्रत्येक वळण अचानक येते. ही साधी गोष्ट आम्हा दोघांना नऊ वर्षे सुचली नाही, कारण घाटात गाडी पुरुषानेच चालवायची, हे आमच्या घरात न बोलता ठरलेले होते.

आता घाटात तीच गाडी चालवते आणि डब्याची जबाबदारी माझी आहे. पहिल्यांदा मी दहीभात केला, तो दुपारपर्यंत इतका आंबला की टाकून द्यावा लागला. सासूबाईंनी मग मला पद्धत शिकवली. गरम भात पळीने मऊ घोटायचा, तो दुधातच कालवायचा, कोमट झाला की विरजणापुरते एक चमचा दही घालायचे आणि वरून मोहरी, हिरवी मिरची, आल्याची फोडणी द्यायची. दही प्रवासात लागत जाते आणि जेवायच्या वेळी भात गोड लागतो. भात कालवताना तो जरा सैलच ठेवावा, कारण नंतर घट्ट होतो. इथला बेळगाव बासमती तांदूळ असेल तर डबा उघडताच गाडीभर वास दरवळतो.

निपाणी

आमचे घर महामार्गापासून पाच मिनिटांवर आहे, हेच आमच्या पाहुणचाराचे मूळ. पुण्याहून बेळगाव, धारवाड, बंगळूरकडे जाणारा प्रत्येक नातेवाईक तवंदी घाट चढण्यापूर्वी "वाटेतच आहात, डोकावून जातो" असा फोन करतो आणि अर्ध्या तासात चार-पाच माणसे दारात उतरतात. माणसे यावीत, असे आम्हा दोघांनाही मनापासून वाटते. पण मी नोकरी करते आणि यांचे दुकान आहे. एका उन्हाळ्यात एकाच रविवारी तीन वेळा पंगत उठली, तेव्हा रात्री मला रडू आले.

त्यानंतर आम्ही दोघांनी ठरवले, की जेवायला कोण थांबणार हे फोनवर यांनीच स्पष्ट विचारायचे. असे विचारणे यांना आधी फार जड गेले, कारण आमच्याकडे आलेल्याला "जेवणार का?" असे विचारणेच कमीपणाचे मानतात. प्रत्यक्षात मात्र कोणीही रागावले नाही. उलट "वहिनी, नुसता चहा टाका, घाईत आहोत" असे सांगणारेच जास्त निघाले. जे थांबतात, त्यांच्यासाठी भात आणि आमटी यांची, भाकरी आणि भाजी माझी.

संकेश्वर

माझे माहेर गडहिंग्लज. अंतर पंधरा-एक किलोमीटरचे, त्यामुळे कोणतेही निमित्त आम्हाला पुरत असे. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी झाली आणि हद्दीवर नाके बसले. आई-वडील तिकडे दोघेच होते आणि आईला स्वयंपाकघरात फार वेळ उभे राहवत नव्हते. पुढे थोडी ढील मिळाल्यावर, नाक्यावरच्या पोलिसांची परवानगी घेऊन माझे पती आठवड्यातून एकदा गाडीने हद्दीपर्यंत जाऊ लागले. पलीकडून माझा चुलतभाऊ येई. मध्ये एका दगडावर पिशवी ठेवायची, मागे सरायचे, मग दुसऱ्याने येऊन ती उचलायची.

पिशवीत मेतकूट, भाजणी, सांडगे, लसणीची चटणी, दळलेले पीठ असे टिकणारे जिन्नस असत. परत येणाऱ्या पिशवीत आई काही ना काही ठेवीच. एकदा परसातली शेवग्याची पाने होती, एकदा नुसतीच कैरी. माझ्या नवऱ्याचे आणि माझ्या आईचे त्याआधी फारसे बोलणे नव्हते. त्या चार महिन्यांत रोज रात्री तोच तिला फोन करून पुढच्या वेळी काय हवे ते विचारून घेत असे आणि यादी स्वतःच्या अक्षरात लिहून फ्रिजवर लावत असे. त्या याद्या मी जपून ठेवल्या आहेत.

अथणी

मी मराठी आणि माझी पत्नी विजापूरकडची कन्नड. आमच्यात मतभेद झाला तो आग्रहावरून. माझ्या आईच्या घरी पाहुण्याने तीनदा "पुरे" म्हटल्याशिवाय वाढणे थांबत नाही, आणि माझ्या पत्नीने तिच्या मावशीकडे एकदा "साकु" म्हटले की तिथेच थांबायचे असते. लग्नानंतर पहिल्याच सणाला आईने तिच्या पानात हुग्गी, म्हणजे गव्हाची खीर, वाढतच नेली आणि तिने ती मुकाट्याने संपवली. रात्रभर तिचे पोट दुखले. तिच्या वतीने बोलणे हे माझे काम होते आणि ते मी केले नाही, याची खंत मला आजही आहे.

आम्हाला एकत्र आणले ते एळ्ळ अमावास्येने. मार्गशीर्षातल्या या अमावास्येला आमच्या भागात सगळे घर शेतावर जेवायला जाते. पूर्वी बैलगाड्या सजत, आता मोटारी भरून निघतात. डिकीत बाजरीच्या तिळाच्या कडक भाकऱ्या, भरली वांगी, शेंगापोळ्या, हिरव्या भाज्यांची पातळ भाजी आणि ताकाची कळशी असते. कळशी कशी बसवायची ते पत्नीने मला दाखवले. जुन्या साडीची चुंबळ करून त्यात ती रोवायची, दोन्ही बाजूंना भाकऱ्यांची गाठोडी लावायची आणि तोंडावर केळीचे पान बांधायचे, म्हणजे शेतातल्या चाकोरीतही थेंब सांडत नाही. शेतात पोहोचल्यावर आधी पिकात चरग शिंपडायचा, म्हणजे धरणीला घास द्यायचा, आणि मगच पंगत बसवायची. शेजारच्या शेतातली माणसे बोलावली जातात, रस्त्याने जाणारा अनोळखीही बसवून घेतला जातो. आईने गेल्या वर्षी पत्नीच्या पानाशी येऊन स्वतःहून विचारले, "साकु?" आणि ती हो म्हणताच वाढणे थांबवले.

शहापूर, बेळगाव

आमची मुलगी पुण्यात असते. तिच्या डोहाळजेवणाला काय न्यायचे, असे फोनवर विचारले, तेव्हा तिने एकच मागणे केले, "आई, मांडे." कुंदा आजकाल कुठेही पाठवता येतो, पण मांडा म्हणजे उलट्या घातलेल्या तापल्या खापरावर भाजलेली, पिठीसाखर आणि तुपाच्या सारणाची, हातांवर झेलत पसरलेली, कागदासारखी पातळ पोळी. घडी घातल्यावर ती वाळते आणि बोट लागले तरी तिचा चुरा होतो. "मनातले मांडे" म्हणतात ते खरेच आहे, कारण प्रत्यक्षातले सांभाळून नेणे फार कठीण असते.

आमच्या गल्लीत मांडे करणाऱ्या बाईंकडून मी अकरा मांडे करून घेतले. ह्यांनी रुंद पुठ्ठ्याच्या खोक्यात तळाशी सुती धोतर अंथरले आणि प्रत्येक दोन मांड्यांमध्ये कोरा कागद घातला. खोके मागच्या सीटवर ठेवावे, असा ह्यांचा विचार होता. मी ते मांडीवरच घेतले आणि तीनशेहून अधिक किलोमीटर तसेच धरून बसले. वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी ह्यांनी इतकी हळुवार गाडी चालवली, की मागचे ट्रकवालेही आम्हाला ओलांडून जात होते. दुरून गतिरोधक दिसला की हे नुसते "हं" म्हणत आणि मी खोके दोन्ही हातांनी अलगद वर उचलून धरत असे. कोल्हापूर, कऱ्हाड, सातारा अशी गावे मागे पडत गेली आणि आम्ही दोघे दिवसभरात त्या एका "हं"पलीकडे फारसे बोललो नाही.

पुण्यात खोके उघडले, तेव्हा दहा मांडे अखंड होते. अकराव्याची कड मोडली होती. सगळे झोपल्यावर ह्यांनी तो वाटीत कुस्करला, वर गरम दूध ओतले आणि दोन चमचे घेऊन माझ्याशेजारी येऊन बसले.