ल्युपस झालेल्या वहिनीसाठी मदत हवी आहे

आम्ही यवतमाळ जिल्ह्यातील एका खेड्यात राहतो. माझ्या वहिनीला ल्युपसचे (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच अवयवांवर उलटते, असा आजार) निदान झाले असून, उन्हात कापूस वेचून आल्यावर तिच्या नाकावर व दोन्ही गालांवर फुलपाखरासारखा लाल चट्टा उठतो आणि सकाळी बोटे इतकी आखडतात की भाकरी थापता येत नाही. (गावात हे अजूनही ‘उष्णता’ म्हणूनच खपते.) त्यावर हायड्रॉक्सीक्लोरोक्वीन हे औषध सुरू आहे. मात्र हा आजार मूत्रपिंडावरही जातो आणि आता लघवीला फेस दिसू लागल्याने, नागपूरला आधी संधिवाततज्ज्ञांना दाखवावे की मूत्रपिंडतज्ज्ञांना, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे. पहाटे दवाने कापूस ओला असतो, त्यामुळे वेचणी उन्हातच करावी लागते. अशा वेळी अंगभर कपडे आणि सनस्क्रीन यांचा कुणाला कितपत उपयोग झाला?