मदत हवी आहे : राज्याच्या विधेयकाला राष्ट्रपतींचा नकार, हा व्हेटो कुठल्या खात्यात टाकायचा?

राम राम मंडळी. भाची अमळनेरला राज्यसेवेचा अभ्यास करते. तिच्या अभ्यासिकेत परवापासून एकच वाद चाललाय, फळ्यावर अजून बाण तसेच आहेत.

अमेरिकेचं सोपं आहे. राष्ट्राध्यक्षांनी विधेयक परत धाडलं, तर दोन्ही सभागृहांनी दोन तृतीयांश मतांनी त्यांना डावलायचं. रविवार सोडून दहा दिवसांत सहीही नाही न् परतही नाही, आणि तेवढ्यात काँग्रेसचं (म्हणजे तिथल्या संसदेचं) अधिवेशन संपलं, तर विधेयक मेलं. हाच पॉकेट व्हेटो. आपल्याकडे अनुच्छेद १११ नुसार राष्ट्रपती एकदा परत पाठवू शकतात, संसदेने साध्या बहुमताने पुन्हा मंजूर केलं की संमती द्यावीच लागते. पण 'किती दिवसांत' हे लिहिलेलंच नाही. म्हणून तेव्हाचे राष्ट्रपती झैलसिंग यांनी १९८६ चं टपाल विधेयक दाबून ठेवलं ते ठेवलंच. (आपल्या जळगावच्या प्रतिभाताई त्या खुर्चीवर बसल्या, म्हणून खान्देशात या विषयाला जरा जास्तच जोर!)

घोडं अडलंय ते अनुच्छेद २०१ वर. राज्यपालांनी विधेयक राष्ट्रपतींसाठी राखून ठेवलं, विधानसभेने ते पुन्हा मंजूर केलं, तरी राष्ट्रपतींवर बंधन नाही. आणि राष्ट्रपती चालतात केंद्रीय मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने. मग हा कार्यकारी मंडळाचा विधिमंडळावरचा व्हेटो, की सरळ केंद्राचा राज्यावरचा? अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांना राज्यांच्या कायद्यावर असा हात घालता येत नाही. मुख्य परीक्षेच्या उत्तरात हे सत्ताविभाजनाखाली लिहावं की संघराज्याखाली? पेपर तपासलेले किंवा शिकवणारे कोणी असाल तर सांगा ना भाऊ.