मदत हवी आहे: कॅनिंगच्या आंबा खरेदीची बीपीएमएन आकृती पेमेंटपाशी अडकते

रत्नागिरी_बीए
रत्नागिरीजवळच्या एका कॅनिंग युनिटमध्ये नवीन सॉफ्टवेअर बसायचं आहे. त्याआधी आंबा खरेदीची प्रक्रिया बीपीएमएन २.० मध्ये (कामांचा क्रम आकृतीत दाखवायची प्रमाणित पद्धत) काढतोय. बागायतदाराची गाडी येते, काट्यावर वजन होतं, क्वालिटीवाले प्रतवारी करतात. तिथे फुलीचा (×) गेटवे (वाटा फुटतात किंवा जुळतात ते चिन्ह) ठेवलाय, त्यातून तीन वाटा: सगळा पास, थोडा परत, सगळा परत. तिन्ही वाटा अधिकच्या (+) गेटवेने जोडून पुढे ‘पेमेंट करा’. टोकन सिम्युलेशन (एक ठिपका, म्हणजे टोकन, आकृतीतून फिरवून पाहणं) लावलं की टोकन त्या जोडणीवर थांबतं, पुढे सरकतच नाही.
आणखी दोन शंका: बागायतदाराला लेन (पूलमधला एका विभागाचा पट्टा) द्यायची की वेगळा पूल (एका पक्षाची स्वतंत्र चौकट)? आणि आंबा पिकायला ठेवतात ते दिवस टायमरने दाखवायचे का?

वेंगुर्ल्याचा_वारा
फुलीचा गेटवे एकाच वाटेने एकच टोकन सोडतो. अधिकची जोडणी मात्र आत येणाऱ्या प्रत्येक वाटेवरचं टोकन आल्याशिवाय उघडत नाही. तुमच्याकडे तीन वाटा येतात आणि टोकन एक, म्हणून कायमचा डेडलॉक. उलटी चूक याहून महाग पडते: अधिकने फोडून फुलीने जोडलं तर पुढचं काम दोनदा होतं, म्हणजे एकाच गाडीचं पेमेंट दोनदा.

पण इथे नुसती फुलीची जोडणी लावून भागवू नका. गाडीत ४० क्रेट असतील, ३४ पास झाले आणि ६ परत, तर दोन्ही कामं एकाच वेळी चालू होतात. म्हणजे गेटवे गोलाचा (इन्क्लुझिव्ह) हवा आणि तीनऐवजी दोनच वाटा: ‘पास क्रेट ० पेक्षा जास्त’ आणि ‘परत क्रेट ० पेक्षा जास्त’. गोलाने फोडलं की गोलानेच जोडा. जी वाट उघडलीच नाही तिची तो वाट पाहत नाही. कुठलीच अट खरी नसेल तर गेटवे एररमध्ये जातो, म्हणून तिरकी रेघ मारलेला डिफॉल्ट फ्लो द्या. नोंद अपुरी असेल तर तो सुपरवायझरकडे जाऊ दे. जोडणीनंतर ‘देय रक्कम आहे का?’ असा फुलीचा गेटवे ठेवा, नाहीतर सगळा माल परत गेलेली गाडीसुद्धा पेमेंटला जाईल.

दापोली_मॉडेलर
बागायतदाराला वेगळा पूल, तोही रिकामा, बंद. तो घरी काय करतो ते युनिटच्या ताब्यात नाही, मग ते काढायचं कशाला? गेट, क्वालिटी आणि अकाउंट्स या युनिटच्या पूलमधल्या लेन. पूलांमध्ये फक्त मेसेज फ्लो (तुटक रेघ): चलन आत येतं, वजनाची पावती बाहेर जाते, पेमेंटची सूचना बाहेर जाते. सिक्वेन्स फ्लो (सलग रेघ) पूलची हद्द ओलांडत नाही आणि मेसेज फ्लो एकाच पूलच्या आत चालत नाही. बीपीएमएन डॉट आयओवर काढलंत तर दोन पूलांमध्ये रेघ ओढताच तो आपोआप मेसेज फ्लो करतो. नुसत्या चित्र काढण्याच्या टूलमध्ये असं कोणी अडवत नाही, आणि चुका तिथेच राहतात.

आता पिकवणं. ते या आकृतीत नकोच. खरेदीचं एक इन्स्टन्स (प्रक्रियेची एक फेरी) म्हणजे एक गाडी. पिकायला लावताना तीन-चार गाड्यांचे क्रेट एका बॅचमध्ये जातात, म्हणजे मोजण्याचं एककच बदललं. एकाच पूलमध्ये ओढलंत तर कुठल्या गाडीचं टोकन कुठे गेलं हे सांगता येणार नाही. ‘क्रेट साठ्यात नोंदवा’ इथे पास क्रेटची वाट थांबवा आणि जोडणीला न्या. बॅचची प्रक्रिया वेगळी काढा, मध्ये डेटा स्टोअर (दोन्ही प्रक्रियांना दिसणारा नोंदींचा साठा) ठेवा.

त्या दुसऱ्या प्रक्रियेतही ‘४ दिवस’ असा टायमर लावू नका. फळ दिवस मोजून पिकत नाही, हवा दमट-गरम असेल तसं पुढेमागे होतं. २४ तासांचा टायमर, मग ‘फळ तपासा’, मग ‘पिकलं का?’ असा गेटवे, नाही तर परत टायमरकडे.

रत्नागिरी_बीए
दोघांचेही आभार. गोलाचा गेटवे लावल्यावर टोकन पुढे गेलं. एक राहिलं: साका (आंब्याच्या आतला खराब, स्पंजासारखा गर) कापल्यावरच कळतो. तिथून मागे प्रतवारीकडे रेघ ओढू का?

वेंगुर्ल्याचा_वारा
नको. कापणीपर्यंत ती गाडी संपलेली असते, पैसेही गेलेले असतात. संपलेल्या इन्स्टन्समध्ये टोकन परत घालता येत नाही. कापणीच्या प्रक्रियेत ‘साक्याचं वजन नोंदवा’ हे काम ठेवा. पण बॅच मिसळलेली असेल तर ते वजन कुठल्या बागायतदाराच्या नावे टाकणार? क्रेटवर गाडी क्रमांकाचं लेबल असेल तरच जमेल, ते युनिटला आधी विचारा. लेबल नसेल तर प्रतवारीच्या वेळीच नमुन्याची काही फळं कापून बघायचं काम खरेदीच्या आकृतीत घाला. किती फळं, आणि किती साकेवाली निघाली की माल परत, हा आकडा गेटवेवर लिहू नका. बिझनेस रूल टास्कला (नियम लावून निकाल देणारं काम) जोडून वेगळ्या तक्त्यात ठेवा. पुढच्या हंगामात तोच आधी बदलेल.