शब्दचर्चा : बातमीतला 'खुलासा' नेमका कसला?

प्रश्न

मनोरंजनाच्या बातम्यांत 'खुलासा' हल्ली रोज भेटतो. 'घटस्फोटाबद्दल अभिनेत्रीचा मोठा खुलासा', 'दिग्दर्शकाचा धक्कादायक खुलासा'. मराठीत खुलासा म्हणजे स्पष्टीकरण. कर्मचाऱ्याकडून लेखी खुलासा मागवतात, नियमाचा अर्थ लागत नसेल तर त्याचा खुलासा करतात. शीर्षकातला खुलासा मात्र गुपित फोडल्याच्या अर्थाने येतो. हिंदीत तो अर्थ रुळलेला आहे, तिथूनच आपल्याकडे आला असावा.

माझी हरकत भाषाशुद्धीपुरती नाही. एखादी अभिनेत्री अफवा नाकारते, म्हणजे अस्सल मराठी अर्थाने खुलासा करते, आणि शीर्षक वाचून वाटतं की हिने काहीतरी कबूल केलं. बातमी पार उलटी होते. सांगण्याआधीच निकाल देऊन मोकळे होणारे असे आणखी कोणते शब्द तुमच्या नजरेस येतात?

प्रतिसाद

क्रियापदांपासून सुरुवात करा. 'म्हणाली', 'सांगितलं' ही साधी क्रियापदं. 'दावा केला' म्हटलं की संशय आला. 'कबुली दिली' म्हटलं की गुन्हा आला, कारण कबुली चांगल्या गोष्टीची देत नाहीत. 'सारवासारव केली' म्हणजे आधी काहीतरी सांडलं होतं हे ठरूनच गेलं.

दोघं वेगळे झाल्याच्या बातमीत हे फार स्वच्छ दिसतं. एकाच्या 'भावना अनावर होतात' आणि दुसरी 'आगपाखड करते'. एकाने 'सांगितलं', दुसरीने 'दावा केला'. मी अशा बातमीत क्रियापदांची अदलाबदल करून बघतो. त्याची क्रियापदं तिला आणि तिची त्याला लावल्यावर वाक्य कानाला खटकलं, तर लिहिणाऱ्याने बाजू घेतली आहे असं समजतो. बोललेले शब्द तेच असतात, अवतरणचिन्हंही तीच असतात, तरी वाचक कोणावर चिडणार हे शेवटचं क्रियापद ठरवतं.

प्रतिसाद

एक शीर्षक सोडवून बघू. नमुना माझाच, पण साचा सगळ्यांच्या ओळखीचा :

*अखेर 'त्या' नात्यावर अभिनेत्रीने सोडलं मौन. म्हणाली, 'हो, मीच त्याला…'*

'अखेर' म्हणजे आपण सगळे वाट बघत होतो आणि ती टाळत होती. कोणी विचारलंच नसेल, तरी हा एक शब्द तिला इतके दिवस गप्प बसवून ठेवतो. 'मौन सोडलं' तेच पुढे नेतं. त्यापुढे अवतरणातला 'त्या'. मराठी शीर्षकांत 'या', 'त्या', 'ही' ही दर्शक सर्वनामं आता बोट दाखवण्याऐवजी झाकण्यासाठी वापरतात. 'या प्रसिद्ध अभिनेत्याने' असं लिहायचं आणि नाव चौथ्या परिच्छेदात द्यायचं. अवतरणचिन्हामुळे साधं नातंही भानगड वाटू लागतं. क्रियापद मौनाच्या आधी ओढलंय, त्यामुळे ओळीला नाट्याचा ठेका येतो. आणि शेवटी तीन टिंबं.

आता आतलं पूर्ण वाक्य असं असू शकतं : 'हो, मीच त्याला या भूमिकेसाठी विचारलं होतं.' सगळं शीर्षक तांत्रिकदृष्ट्या खरं आहे. म्हणूनच 'ही बातमी खोटी आहे का?' एवढं विचारून भागत नाही. 'या बातमीने मला काय समजायला लावलं?' हेही विचारावं लागतं.

प्रतिसाद

मला सगळ्यात जास्त छळणारा शब्दप्रयोग म्हणजे 'नाव समोर आलं'. कुठून समोर आलं? साक्षीदार म्हणून की संशयित म्हणून, की कोणाच्या फोनमध्ये नंबर सापडला म्हणून? या तिन्हींत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. त्याचा जुळा भाऊ 'कनेक्शन'.

संशयित, आरोपी, दोषी हे तीन वेगळे टप्पे आहेत आणि दोषी फक्त न्यायालय ठरवतं. आर्यन खानला ऑक्टोबर २०२१ मध्ये अमली पदार्थांच्या प्रकरणात अटक झाली. मे २०२२ मध्ये आरोपपत्र दाखल झालं, तेव्हा पुरेशा पुराव्याअभावी त्यात त्याचं नाव नव्हतं. अटकेच्या आठवड्यांत वापरलेले शब्द आणि आरोपपत्रानंतर वापरलेले शब्द शेजारी ठेवून बघा. पहिल्यांदा जितका आवाज चढला होता, तितका दुसऱ्यांदा चढला नाही.

मृत्यूच्या बातमीत 'गूढ' हा शब्द असाच सैल सुटतो. श्रीदेवी यांचं २४ फेब्रुवारी २०१८ ला दुबईत निधन झालं. २७ तारखेला तिथल्या सरकारी अभियोक्त्यांनी बुडून अपघाती मृत्यू अशी नोंद करून प्रकरण बंद केलं. मधल्या दिवसांत वाहिन्यांवर बाथटबची चित्रं करून 'गूढ' उकलणं चालू होतं. अधिकृत माहिती आलेली नाही, एवढाच त्या गूढाचा अर्थ होता. 'कारण अद्याप स्पष्ट नाही' असं लिहिता आलं असतं.

सुशांतसिंह राजपूत यांच्या मृत्यूनंतर तर हद्दच झाली. ऑक्टोबर २०२० मध्ये वृत्तवाहिन्यांच्या स्वनियमन संस्थेने काही हिंदी वाहिन्यांना जाहीर माफी मागायला सांगितलं, त्यात पडद्यावरच्या ओळींबद्दलचाही आक्षेप होता. जानेवारी २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने समांतर खटला चालवण्याच्या या प्रकाराने न्यायदानात अडथळा येतो असं म्हटलं, आणि आत्महत्येच्या वार्तांकनाबाबत प्रेस कौन्सिलची मार्गदर्शक तत्त्वं वाहिन्यांनीही पाळावीत असं सांगितलं. त्या तत्त्वांनुसार आत्महत्येच्या पद्धतीचं वर्णन करायचं नाही आणि सनसनाटी शीर्षक द्यायचं नाही. इथे शब्द जपून वापरणं थेट वाचणाऱ्याच्या जिवाशी निगडित आहे.

प्रतिसाद

मराठीपुरती एक खूण सांगते. आदरार्थी अनेकवचन बघा. ज्येष्ठ अभिनेता 'म्हणाले', त्याच्याच वयाची अभिनेत्री 'म्हणाली'. पुरस्कार मिळाला की 'त्यांनी', पोलिसांनी चौकशीला बोलावलं की त्याच दिवशी 'त्याने'. कोणताही आरोप सिद्ध व्हायच्या आत व्याकरणाने माणसाला खाली उतरवलेलं असतं. अशी सूक्ष्म खूण प्रत्येक भाषेत नसते. आपल्याकडे आहे, तर तिचा उपयोग करून घ्या.

आणि 'या वयातही'. हा प्रयोग पुरुषासाठी कौतुकाने येतो, बाईसाठी बहुतेक वेळा भुवई उंचावून.

प्रतिसाद

थोडी दुसरी बाजू. शीर्षकाला जागा कमी असते, आणि 'खळबळ' लिहिलं म्हणून प्रत्येक वार्ताहर वाईट ठरत नाही. मोठ्या माणसांनी दडवलेल्या गोष्टी बाहेर काढणं हे बातमीदारीचंच काम आहे. तिथे 'गौप्यस्फोट' शब्द चपखल बसतो, कारण गौप्य खरंच होतं. अडचण येते ती कागद नाही, तारीख नाही, नाव घेऊन बोलणारा माणूस नाही आणि नुसतेच 'निकटवर्तीय सूत्र' आहे तेव्हा. हे सूत्र कधीकधी त्या कलाकाराचा प्रसिद्धीप्रमुखच असतो, हेही लक्षात ठेवावं.

'विमानतळावर स्पॉट झाली' हेही तसंच. छायाचित्रकारांना बऱ्याचदा आधीच कळवलेलं असतं, पण 'स्पॉट' म्हटलं की अचानक दिसल्यासारखं वाटतं. जाता जाता, अशा कलाकारांच्या मागे फिरणाऱ्या छायाचित्रकारांना म्हणतात ते 'पापाराझी' हे अनेकवचन आहे, एक असेल तर पापाराझो. फेलिनीच्या १९६० च्या इटालियन चित्रपटातल्या एका छायाचित्रकाराचं ते नाव होतं.

'कथित' या शब्दावरही फार विसंबू नका. 'कथित प्रियकरासोबतचे फोटो' यात कथन कोणी केलं ते कुठेच नसतं. त्यापेक्षा आपलं साधं 'म्हणे' प्रामाणिक, ते निदान ऐकीव असल्याचं तोंडावर सांगतं.

मूळ प्रश्नकर्ता

सर्वांचे आभार. क्रियापदांची अदलाबदल आणि आदरार्थी रूपाची खूण, दोन्ही आज चार बातम्यांना लावून पाहिल्या. दोन बातम्यांत तिढा लगेच सापडला, एक अगदी सरळ निघाली, आणि चौथीत कोणाचं म्हणणं कोणाच्या तोंडी घातलंय हेच उलगडेना.

'खुलासा'पुरतं मी असं ठरवतो. अफवा नाकारली असेल तर 'इन्कार' किंवा 'खंडन'. गैरसमज दूर केला असेल तर 'खुलासा', जुन्या अर्थाने. दडवलेलं पुराव्यासकट बाहेर आलं असेल तर 'गौप्यस्फोट'. आणि मुलाखतीत आपल्या लहानपणाची आठवण सांगितली असेल, तर 'सांगितलं'.